मटकी भिजवल्यापासून लिंबू पिळेपर्यंत

मटकीची उसळ म्हणजे रोजचाच पदार्थ. पण शाकाहारी स्वयंपाकाची जवळजवळ सगळी तंत्रं तिच्यात येऊन जातात: भिजवणं, मोड आणणं, फोडणी, परतणं, वाफेवर शिजवणं, आंबट-गोड जुळवणं. ती बिघडते तेव्हा प्रमाण चुकलेलं क्वचितच असतं, बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. आमसूल आधी पडलं की दाणा टणक राहतो. तिखट कडकडीत तेलात पडलं की रस्सा काळपट आणि कडवट होतो. चव साधणारा आणि पोषण टिकवणारा क्रम बहुतेक ठिकाणी एकच आहे, त्यामुळे दोन्हींचा वेगवेगळा विचार करावा लागत नाही. खाली उसळीचाच क्रम धरून जाऊ, आणि जिथे इतर कडधान्यांचा किंवा भाज्यांचा नियम वेगळा आहे तिथे थोडं थांबू.

निवडणं आणि भिजवणं

न शिजणारे दाणे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. पहिला गणंग. त्याचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. रात्रभर भिजवूनही तो बारीक आणि कडक राहतो. भिजवलेली मटकी ताटात पसरून हलवली की गणंग खडखड वाजतात. ते त्याच वेळी वेचून टाकावेत, कारण शिजवून ते मऊ होत नाहीत आणि दाताखाली आले तर दात दुखावतो. दुसरा प्रकार जुन्या मालाचा. हा दाणा भिजतो, फुगतो, पण शिजताना आतून पिठूळ-कडक राहतो. उष्ण आणि दमट जागी कडधान्य वर्ष-दोन वर्षं पडून राहिलं की असं होतं. म्हणून वर्षभराचा साठा करायचा तर वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवावा. नवं आणि जुनं धान्य एका डब्यात मिसळू नये. मिसळलं तर निम्मी उसळ गाळ होते आणि निम्मी कच्ची राहते.

चौघांसाठी १ मोठी वाटी, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम मटकी पुरते. दोन-तीन पाण्यांनी धुऊन तिप्पट पाण्यात भिजवायची. मटकी आणि मूग ६ ते ८ तास, अख्खा मसूर आणि चवळी ५ ते ६ तास, हरभरे, छोले, राजमा आणि वाल १० ते १२ तास. भिजलं की नाही हे घड्याळापेक्षा दाणा कापून नीट कळतं. आतला रंग कडेपासून मध्यापर्यंत सारखा हवा. मधोमध फिकट, कोरडा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. उन्हाळ्यात १२ तासांपुढे पाण्याला फेस आणि आंबूस वास येऊ लागतो, तेव्हा मध्ये एकदा पाणी बदलावं. छोले भिजवायचे विसरले असतील तर त्यांच्यावर कडकडीत उकळतं पाणी ओतून दीड-दोन तास झाकून ठेवावेत. रात्रभर भिजवल्याइतकं काम होत नाही, पण बरंच होतं.

भिजवलेलं पाणी टाकून द्यावं. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅचिओज नावाच्या शर्करा असतात. त्या पचवणारं विकर आपल्या लहान आतड्यात नसतं. मग त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि पोट फुगतं. या शर्करा काही प्रमाणात भिजवलेल्या पाण्यात उतरतात. त्या पाण्याबरोबर थोडी जीवनसत्त्वं आणि खनिजंही जातात, पण ज्यांना वायूचा त्रास होतो त्यांच्यासाठी हा सौदा फायद्याचाच आहे.

शिजवलेल्या पाण्याची गोष्ट उलट. त्यात ब गटातली जीवनसत्त्वं, क्षार आणि चव उतरलेली असते, ते ओतून देऊ नये. पुरणाची डाळ उपसल्यावर राहिलेल्या पाण्याची कटाची आमटी होते, शिजवलेल्या मुगाच्या पाण्याचं ताक घालून कळण होतं. आपल्या स्वयंपाकात हे ज्ञान फार आधीपासून मुरलेलं आहे.

मोड

मोड येण्यासाठी ओल, ऊब आणि हवा लागते. तिसरी गोष्ट विसरली जाते. मटकी उपसून चाळणीत किंवा रोवळीत १० मिनिटं पूर्ण निथळू द्यावी, मग ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात सैलसर बांधून चाळणीतच ठेवावी. स्टीलच्या डब्यात पाण्यासकट घट्ट झाकण लावून ठेवली तर दाण्यांना श्वास घेता येत नाही. मोड कमी येतात, चिकटपणा आणि आंबट वास मात्र भरपूर येतो. अशी मटकी धुऊन वाचवायचा प्रयत्न करू नये. मुंबईच्या मे महिन्यात ८ ते १० तासांत मोड दिसतात, पुण्याच्या डिसेंबरात १८ ते २४ तासही लागतात. थंड देशात राहणाऱ्यांनी बंद ओव्हनमध्ये फक्त आतला दिवा लावून चाळणी ठेवावी, तेवढी ऊब पुरते. फडकं सुकत आलं तर पाण्याचा हबका मारायचा.

अर्धा ते एक सेंटिमीटर मोड पुरे. मोड लांब झाले की उसळीत दोऱ्यांसारखे लागतात आणि दाणाही पोकळ होत जातो, कारण मोड वाढतो तो दाण्यातल्या साठ्यावरच. आता पोषणाचा भाग. मोड येताना पोट फुगवणाऱ्या शर्करा वापरल्या जातात. कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं, त्यामुळे तेच लोह शरीराला जास्त मिळतं. मोड आल्यावर प्रथिनं दुप्पट होतात हा मात्र गैरसमज. १५० ग्रॅम मटकीची मोड आल्यावर साधारण ३५० ग्रॅम होते, ती पाणी शोषल्यामुळे. कोरड्या मटकीत १०० ग्रॅमला २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात, मोडाच्या तेवढ्याच वजनात ९-१० ग्रॅम. एकूण प्रथिनं तेवढीच राहतात.

कच्चे मोड खाण्याचा आग्रह हल्ली फार दिसतो. मोड वाढायला जी ऊब आणि ओल लागते तीच जिवाणूंनाही मानवते, त्यात साल्मोनेलासारखे आजार आणणारेही आले. गरोदर बायका, लहान मुलं आणि वृद्धांनी कच्चे मोड खाऊच नयेत. क जीवनसत्त्व थोडं कमी झालं तरी चालेल, मोड शिजवलेले बरे. आणि ते जीवनसत्त्व परत आणण्याची सोय पुढे लिंबाने होतेच.

वालाला एक काम जास्त. मोड आलेले वाल कोमट पाण्यात १५-२० मिनिटं ठेवले की साल सुटतं आणि चिमटीत दाबून डाळिंबी बाहेर येते. थंड पाण्यात सोलायला बसलात तर निम्मे दाणे मोडतात.

पाणी, मीठ, सोडा

दाण्याच्या पेशी एकमेकांना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. दाणा मऊ होतो म्हणजे हे पेक्टिन विरघळतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधून ठेवतं, म्हणून काही गावांत तुरीची डाळ तासभर शिजवली तरी घोटली जात नाही. गृहिणीचा त्यात दोष नसतो. अशा ठिकाणी भिजवायला आणि शिजवायला आरओ गाळणीयंत्राचं पाणी वापरावं. तेही नसेल तर पाणी १० मिनिटं उकळून, निववून, तळाचा पांढरा साका तसाच ठेवून वरचं पाणी घ्यावं. सगळी नाही, पण काही जडता त्याने जाते.

मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही, असं बऱ्याच घरांत सांगतात. प्रत्यक्षात मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. छोले किंवा राजमा भिजवताना लिटरभर पाण्यात १ मोठा चमचा मीठ घालून, दुसऱ्या दिवशी ते पाणी टाकून, धुऊन शिजवून पाहा. साल फुटत नाही आणि आतपर्यंत चव लागते. मोड आणायचे असतील तेव्हा मात्र भिजवण्यात मीठ नको, मिठाने मोड खुंटतात.

सोडा पेक्टिन पटकन तोडतो, पण थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व नष्ट करतो. जास्त पडला तर दाणा बुळबुळीत होतो आणि चव साबणासारखी लागते. धान्य खरोखरच जुनं असेल तर वाटीभर छोल्यांना चिमूटभर, त्याहून जास्त नाही. रोजची सवय म्हणून तर नकोच.

शिजवणं

मोडाची मटकी कुकरमध्ये घालू नये. शिट्टी होईपर्यंत तिचा गाळ होतो. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून ती १० ते १२ मिनिटांत बोटचेपी होते. झाकणावरचं पाणी दोन कामं करतं. गार झाकणाला लागून वाफेचं पाणी होतं आणि परत भाजीत पडतं, त्यामुळे भाजी कमी पाण्यात, न लागता शिजते. आणि भाजीत पाणी कमी पडलंच तर तेच गरम पाणी हाताशी असतं. शिजत्या कडधान्यात गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि वेळ वाढतो. डाळिंब्यांच्या बाबतीत हे जास्त जपावं. त्यांना डाव लावायचाच झाला तर कडेने, हलक्या हाताने.

छोले, राजमा, हरभरे यांना कुकरच हवा, कारण दाबाखाली पाण्याचं तापमान १०० वरून सुमारे १२० अंशांपर्यंत जातं. इथे शिट्ट्या मोजण्याऐवजी मिनिटं मोजावीत. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतात, बारीक आचेवर तेवढ्या वेळात एकही होत नाही, आणि आतलं तापमान दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं. शिट्टी म्हणजे फक्त जादा वाफ बाहेर पडली. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि भिजवलेल्या छोल्या-राजम्यांना १५ ते २० मिनिटं, तुरीच्या डाळीला ८ ते १० मिनिटं द्यायची. वाटीभर डाळीला अडीच ते तीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल. तेलाने फेस कमी येतो. कडधान्य थेट कुकरमध्ये शिजवत असाल तर कुकर निम्म्याहून जास्त भरू नका, फेस आणि सालं वाफेच्या तोंडात अडकतात. दाब आपोआप उतरू द्यावा. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी उसळतं, सालं फाटतात आणि रस्सा शिट्टीतून बाहेर येतो.

राजम्याबाबत सावध राहायला हवं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. नीट न शिजलेले थोडे दाणेही जोरदार उलट्या-जुलाब करायला पुरतात. ते नष्ट व्हायला राजमा खळखळ उकळावा लागतो, कुकरमध्ये ते सहज होतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट भिजवलेला राजमा टाकणं मात्र धोक्याचं. तिथे तापमान पुरेसं चढत नाही. आधी वेगळ्या पातेल्यात अर्धा तास उकळून मगच त्यात घालावा.

फोडणी आणि पुढचा क्रम

हळदीचा आणि तिखटाचा रंग, हिंग-मोहरीचा वास हे सगळं तेलात विरघळतं, पाण्यात फारसं नाही. मसाला थेट रश्श्यात टाकला तर तो तळाला बसतो आणि कच्चा लागतो, याचं कारण हेच. गाजर, भोपळा आणि पालेभाज्यांतलं बीटा-कॅरोटीनही शरीरात शिरायला तेल-तूप मागतं. तेव्हा बिनतेलाची भाजी म्हणजे जास्त पौष्टिक भाजी असं समजायचं कारण नाही. ३५० ग्रॅम मोडांना दोन मोठे चमचे तेल पुरे होतं.

तेल तापलं की एक मोहरी टाकून पाहायची. लगेच तडतडली तर अर्धा चमचा मोहरी घालायची. मोहरी तडतडते ती आतल्या ओलाव्याची वाफ होऊन. ती थांबेपर्यंत थांबायचं, पण काळी पडण्याआधी पुढे जायचं. न फुटलेली मोहरी कडू लागते आणि करपलेलीही. मग पाव चमचा हिंग, ८-१० कढीपत्त्याची पानं, पाव चमचा हळद, आणि क्षणात एक मध्यम चिरलेला कांदा. हा कांदा इथे चवीबरोबर दुसरंही काम करतो. त्यातल्या पाण्याने तेलाचं तापमान झपकन उतरतं, म्हणून हळद जळत नाही. तिखट नेहमी कांद्यानंतर घालायचं तेही यासाठीच. कांदा नसलेल्या भाजीत तिखट घालायचं असेल तर गॅस बंद करून घालावं आणि लगोलग भाजी टाकावी.

कांदा कडेने लालसर झाला की एक चमचा तिखट आणि दीड चमचा गोडा मसाला अर्धा मिनिट परतायचा, मग मटकी. दोन-तीन मिनिटं नुसती परतायची. यात दाण्याचा कच्चा वास जातो आणि प्रत्येक दाण्याला तेल लागतं. आता एक चमचा मीठ आणि दीड वाटी आधणाचं पाणी, वर झाकण, झाकणावर पाणी.

आमसूल, चिंच, टोमॅटो यांपैकी काहीही या टप्प्यावर नको. आंबटात पेक्टिन विरघळत नाही. आमसुलं आधी पडली तर मटकी पुढे अर्धा तास शिजवूनही चावरी राहते, आणि छोल्यांत टोमॅटो आधी गेला तर कुकरची वेळ वाढवत बसावं लागतं. दाणा बोटाने चेपला गेला की मगच तीन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ घालून पाच मिनिटं उकळू द्यायचं. याच गुणाचा उपयोग उलटाही करता येतो. डाळिंब्या मोडायच्या बेतात आल्या की आमसूल घालून टाकावं, त्या तिथेच थांबतात.

ओलं खोबरं, शेंगदाण्याचं कूट, कोथिंबीर शेवटी. कूट लवकर घातलं तर तळाला लागतं आणि त्याचं तेल सुटून वर तरंगतं. लोखंडी कढईत भाजी केल्याने अन्नातलं लोह वाढतं, आंबट भाजीत तर जास्तच. पण शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. आमसुलाची उसळ कढईतच राहिली की काळी पडते आणि तिला लोखंडाची चव येते.

पालेभाजीचा क्रम वेगळा

पालेभाजी धुऊन चिरायची, चिरून धुवायची नाही. चिरलेल्या कडांतून क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्याबरोबर वाहून जातं. मेथीची जुडी कढईत पहिल्यांदा डोंगराएवढी दिसते आणि चार मिनिटांत मूठभर उरते. मीठ ती आळल्यावरच घालावं, पहिल्या ढिगाकडे बघून घातलं तर भाजी हमखास खारट होते. झाकण नको. पाल्यातून निघणारी आम्लं वाफेबरोबर उडून गेली नाहीत तर ती हरितद्रव्यावर काम करतात आणि हिरवी भाजी शेवाळी-तपकिरी होते. अर्धा तास भिजवलेली मुगाची डाळ आधी फोडणीत परतून, अर्धवट शिजवून, मग मेथी घातली की दोन्ही एकदम होतात.

पालकाच्या कॅल्शियमवर फार विसंबू नये. त्यातलं ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं आणि शरीराला थोडंच मिळतं. कॅल्शियमसाठी दूध-दही, नाचणी आणि तीळ जास्त कामाचे. आळूच्या पानांतल्या ऑक्झॅलेटचे तर सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांनी. म्हणून आळूला चिंच किंवा आमसूल घालायचं आणि भाजी नीट शिजवायची. तिथे आंबट टाळायचं नसतं.

ताटात आल्यावर

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुचवलेलं लोहाचं रोजचं प्रमाण पुरुषांसाठी १९ मिलिग्रॅम आणि स्त्रियांसाठी २९ मिलिग्रॅम आहे. वनस्पतींतलं लोह शरीर सहजी शोषत नाही, क जीवनसत्त्व सोबत असेल तर शोषण बरंच वाढतं. लिंबाची फोड ताटात वाढायची ती यासाठी. पातेल्यात उकळत्या उसळीवर पिळली तर उष्णतेने क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो आणि वासही उडतो, म्हणून लिंबू ज्याचं त्याने पानात पिळावं. कच्च्या कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर, पेरूच्या दोन फोडी यांनीही तेच काम होतं. चहा मात्र लोहाच्या आड येतो. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर तो तासाभराने घ्यावा.

प्रथिनांचं गणित इतकं नाजूक नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि कडधान्यांत मेथिओनिन कमी असतं. भाकरी-उसळ किंवा वरण-भात एकत्र आले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दोन्ही एकाच घासात हवीत असं नाही, दिवसभरात पोटात गेली तरी पुरतं. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सुचवली आहेत, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. वरच्या प्रमाणातल्या उसळीच्या एका वाढपातून ८-९ ग्रॅम मिळतात. बाकीची भाकरी, वरण, दही, शेंगदाणे यांतून यायला हवीत. वाटीभर पाण्यात चार चमचे डाळ असलेलं पातळ वरण त्या हिशोबात फारसं धरू नये.

एक गोष्ट यातल्या कोणत्याही तंत्राने मिळत नाही, ती ब१२ जीवनसत्त्व. मोड आणून, आंबवून, लोखंडी कढई वापरून ते तयार होत नाही. शाकाहाऱ्यांना ते दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळतं. जे दूधही घेत नाहीत त्यांनी रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. दूध घेणाऱ्यांनीही सतत थकवा, हातापायांना मुंग्या अशी लक्षणं असतील तर तपासणी लांबवू नये.